टेकडीवरचे एकटे नर

२ फेब्रुवारी

ताई,

पाकिटावर माझं अक्षर बघून तुझ्या काळजाचा ठोका चुकला असेल, म्हणून आधीच सांगतो, कोणी आजारी नाही आणि कोणी गेलेलंही नाही. फोनच केला असता, पण तुझ्या वस्तुसंग्रहालयाच्या तळघरात तो लागत नाही, आणि चुकून लागलाच तर तू "टाचणीला किडे लावतेय, नंतर बोल" म्हणून ठेवून देतेस.

ताई, मी फसलोय आणि मला वाचवणारी तू एकटीच आहेस.

माझ्या दवाखान्यासमोर चष्म्याचं दुकान आहे. तिथे डोळे तपासणारी मुलगी आहे. मी डोळे तपासायला गेलो, तिनं भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगितली, आणि मी पहिल्याच ओळीत चुकलो, कारण मी भिंतीकडे बघतच नव्हतो. असो. आमचं ठरलं आहे. मावशीला अजून सांगू नकोस, ती थेट कपडे खरेदीला निघेल.

अडचण एकच, मुलीचे वडील. आई नाही, घरात बापलेक दोघंच. जमिनीच्या मोजणी खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ, आणि आता गावातल्या फुलपाखरू मंडळाचे अध्यक्ष. याआधी एक स्थळ सांगून आलं होतं. त्या मुलानं बोलता बोलता विचारलं, "फुलपाखरू आणि पतंग एकच ना?" त्याला चहासुद्धा मिळाला नाही. म्हणून चष्मेवालीनं बेत असा केला, की मी आधी नुसता ओळखीचा म्हणून जायचं, त्यांच्या मनात भरायचं आणि मग तिनं विषय काढायचा. मी गेलो. त्यांनी विचारलं, "फुलपाखरांत रस आहे का?" मी म्हणालो, "लहानपणापासून."

जीभ माझी, पण बोललं कोण ते कळलं नाही. आता दर रविवारी त्यांच्याबरोबर टेकडीवर जायचं आहे. मार्चच्या मध्यावर मंडळाची वार्षिक गणना असते, त्यात त्यांनी मला नोंदी लिहायला नेमलंय. त्याच संध्याकाळी चष्मेवाली त्यांच्याशी बोलणार. मला फक्त पिवळं फुलपाखरू ओळखता येतं, तेही पिवळं असतं म्हणून. शिकव मला.

तुझा,
ठोंब्या


८ फेब्रुवारी

ठोंब्या,

लहानपणापासून! लहानपणी झुरळ दिसलं की तू कपाटावर चढायचास आणि तुला उतरवायला शेजारचे काका यायचे. हे त्या गृहस्थांना कळवू का?

मुलगी हुशार दिसते. तुझ्यात काय बघितलं देव जाणे, पण डोळे तपासणारीनं बघितलंय म्हणजे काहीतरी असेल.

आता नीट ऐक. मला फोटो पाठवायचे नाहीत. फोटो काढला की माणूस बघायचं थांबतो. दिसेल ते शब्दांत लिहून पाठवायचं. जे लिहिता येत नाही ते तू पाहिलेलंच नाहीस असं मी धरणार.

सोबत चित्रं पाठवतेय. आमच्या खणांतली फुलपाखरं समोर ठेवून रंगवली आहेत, पंख पसरलेली, वरून दिसतात तशी. पाठ कर. सुरुवात सोप्या दोघांपासून. पहिला बिबळ्या कडवा. नारिंगी, पंखांची टोकं काळी, त्यांत पांढरे ठिपके. हा विषारी असतो. पक्ष्यानं एकदा तोंड लावलं की परत नाव घेत नाही, म्हणून हा आरामात, ऐटीत उडतो. दुसरा चांदवा. काळाभोर, पंखांवर पांढरे गोल चांद, चांदांच्या कडेला जांभळी झाक. हे दोघं शेंबडं पोरही ओळखेल, म्हणून तुला तिथून सुरुवात.

नकली दात बसवताना देतोस तेवढं लक्ष दे, म्हणजे झालं.

ताई


१७ फेब्रुवारी

ताई,

तुझी चित्रं पाठ केली. आरशासमोर उभा राहून नावं घोकली. एका रोग्याच्या दाढेत मला कडव्याचा पंख दिसला, इतका अभ्यास केला.

आणि टेकडीवर गेलो तर एकही फुलपाखरू तुझ्या चित्रासारखं बसायला तयार नाही! सगळी पंख मिटून, उभी, माझ्याकडे बाजू करून. शटर ओढलेल्या दुकानासमोर उभं राहून आत काय विकतात ते ओळखायचं, अशी माझी गत. काका, म्हणजे तिचे वडील, म्हणाले, "डॉक्टर, हे कोण?" मी म्हणालो, "वाळकं पान." ते उडून गेलं. मग पुढे एक खरंच वाळकं पान होतं. मी शहाणपणानं त्याच्याजवळ श्वास रोखून बसलो आणि बसूनच राहिलो. काकांनी माझ्या चिकाटीचं सगळ्यांसमोर कौतुक केलं. चष्मेवाली थर्मासच्या झाकणात तोंड घालून हसत होती.

आता दुसरी गोष्ट. काकांनी वर्षानुवर्षांच्या निरीक्षणातून एक शोध लावलाय. आमच्या टेकडीवर चांदव्याचे फक्त नर दिसतात. मादी कधीच नाही, एकदाही नाही. काकांचं म्हणणं, हे नर लांबून कुठूनतरी भरकटत येतात आणि इथेच एकटे राहून आयुष्य काढतात. यावर त्यांची पुस्तिका आहे, 'टेकडीवरचे एकटे नर'. त्यातलं शेवटचं पान त्यांनी मला दोनदा वाचून दाखवलं. गणनेच्या दिवशी बाहेरगावची मंडळं येणार आहेत, त्यांच्यापुढे ते या पुस्तिकेची नवी आवृत्ती वाचणार आहेत.

ही पुस्तिका त्यांनी पूर्वी तुमच्याच संग्रहालयाला पाठवली होती. तिथल्या कुणा बाईनं लाल शाईत तीन शब्द लिहून परत धाडली: "मादी नीट शोधा." काकांच्या फार जिव्हारी लागलं. तो कागद त्यांनी जपून ठेवलाय. टेकडी चढायच्या आधी एकदा काढून वाचतात, म्हणजे पायांत जोर येतो म्हणे.

तुमच्याकडे अशी खवट बाई कोण आहे गं? ओळखतेस?

ठोंब्या


२२ फेब्रुवारी

ठोंब्या,

फुलपाखरं पंख मिटून बसतात हे मला माहीत नव्हतं असं समजू नकोस. मला माहीत होतं. फक्त लक्षात नव्हतं.

आमच्याकडे सगळी टाचणीवर पंख पसरून असतात. उन्हानं रंग उडू नयेत म्हणून माझ्या खोलीची खिडकीसुद्धा कायम बंद असते. उडणारं फुलपाखरू मी शेवटचं कधी पाहिलं हे आठवायला बसले आणि जेवणाची सुट्टी संपली तरी आठवलं नाही. त्याचं मला जरा वाईट वाटलं. तू लगेच चेकाळू नकोस.

पंखांच्या खालच्या बाजूची चित्रं सोबत पाठवतेय. आता रंगाच्या मागे लागू नकोस. उडतं कसं, बसतं कुठे, कुठल्या झाडाभोवती घुटमळतं ते बघ. माणूस चालीवरून ओळखतोस ना, तसं.

खवट बाईचं विचारलंस. आमच्याकडे बायका पुष्कळ आहेत आणि पगार बघता खवट कोण हे सांगणं कठीण आहे.

त्या कागदाला तारीखबिरीख आहे का?

ताई

ता. क. काल डबा घेऊन संग्रहालयाच्या मागच्या अंगणात जाऊन बसले. दोन पांढरी आणि एक तपकिरी दिसलं. तपकिरी ओळखता आलं नाही. मी गुडघ्यांवर रांगत होते तेव्हा पहारेकऱ्यानं येऊन विचारलं, "बाई, कानातलं पडलं का?"


५ मार्च

ताई,

जमायला लागलंय! खरंच सांगतो. परवा एक कडवा मी काकांच्या आधी ओळखला, तोही पाठमोरा, नुसत्या चालीवरून. घरी येताना शीळ घालत होतो. सुरुवातीला सोंग घेतलं होतं, पण आता रविवार उजाडला की खरोखरच जावंसं वाटतं. ती बरोबर नसती तरी गेलो असतो. हे तिला सांगितलं तर तिनं दोन तास अबोला धरला.

काकांची मर्जी माझ्यावर पुरती बसली आहे. इतकी की आता भीती वाटते. काल पाठीवर हात ठेवून म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही आमच्या चांदव्यासारखे. एकटे, पण मजेत. लग्नाबिग्नाच्या फंदात न पडता असं निसर्गात रमणारा माणूस आजकाल दिसत नाही." वर मलाच विचारतात, "आमच्या मुलीसाठी एखादा चांगला मुलगा सुचवा ना. ती बिचारी दर रविवारी आपल्यामागे थर्मास घेऊन फिरते, तिला कंटाळा येत असेल." ती बिचारी तेव्हा माझ्या पायावर पाय देऊन उभी होती.

ताई, दोन प्रश्न आहेत. नर आहेत, तर मादी का नसावी? मी दंतवैद्य आहे, मला एवढंच कळतं की वरचे दात आहेत तिथे खाली काहीतरी असणार.

दुसरं, काकांनी तो लाल शाईचा कागद मला दाखवला. तारीख नाही. पण त्यातलं अक्षर मी लहानपणी माझ्या गणिताच्या वहीत पाहिलेलं आहे, जिथे तू "गाढवा, पुन्हा कर" असं लिहायचीस. हा योगायोग असू दे, अशी मी देवाची करुणा भाकतोय.

ठोंब्या


१० मार्च

ठोंब्या,

योगायोग नाही. ती खवट बाई मीच.

त्या दिवशी माझी दाढ ठणकत होती, म्हणून तीनच शब्दांत आटोपलं. आणि ती दाढ तू भरलेली होतीस. तेव्हा मुळात दोष कुणाचा याचा तूच विचार कर.

आता तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर. चांदव्याची मादी नरासारखी अजिबात दिसत नाही. ना काळी, ना तिच्या अंगावर चांद. ती हुबेहूब कडव्यासारखी दिसते. नारिंगी पंख, काळी टोकं, पांढरे ठिपके, सगळं तेच. तिच्यात विष नाही, पण पक्ष्यांना ते आहे असं वाटतं, आणि ते तिच्या वाटेला जात नाहीत. चालही तीच, तशीच ऐटीत. फरक बारीक आहे. कडव्याच्या मागच्या पंखाच्या मधोमध काळे ठिपके असतात. मादीच्या मागच्या पंखाला वरच्या कडेशी एकच ठिपका असतो. आणि कडव्याची अंडी असतात रुईवर, हिची घोळीच्या पानावर.

तुला चित्र फक्त नराचं पाठवलं, कारण मादी दाखवली असती तर तू चक्रावून गेला असतास.

म्हणजे तुझ्या काकांना मादी रोज दिसत होती. ते प्रत्येक वेळी तिला कडवा म्हणून लिहीत होते. मी तीन शब्दांऐवजी तीन ओळी लिहिल्या असत्या तर ते तेव्हाच सुटले असते.

आता गणनेचं बोलू. शास्त्र असं सांगतं की चुकीची नोंद कुणाच्याही दबावाखाली लिहू नये. नोंद म्हणजे साक्ष. खोटी साक्ष देणाऱ्याशी मी बोलत नाही हे तुला ठाऊक आहे.

ता. क. वरचा परिच्छेद वाचलास ना? आता तो विसर. समोर मादी आली आणि ते कडवा म्हणाले, तर मुकाट्यानं कडवा लिही. बाहेरगावच्या पाहुण्यांदेखत होणाऱ्या सासऱ्याचा जन्माचा शोध खोटा पाडशील, तर संध्याकाळी ती मुलगी कुठल्या तोंडानं विषय काढणार? लग्न होऊ दे. मग सावकाश, एखाद्या बारशाला वगैरे सांगू. तुझ्या ताईनं आयुष्यात पहिल्यांदा खोटं लिहायला सांगितलंय, तेवढा मान ठेव.

ताई


१७ मार्च

ताई,

मान ठेवता आला नाही.

सगळं ऐक. काल सकाळी टेकडीवर ही गर्दी. काका इस्त्रीच्या कपड्यांत, खिशात नवी पुस्तिका आणि तिच्या आत तुझा लाल कागद. भाषणात तो दाखवून तुझी जाहीर खरडपट्टी काढायचा बेत होता. मी तुझं म्हणणं मनाशी पक्कं करून गेलो होतो. तिलाही सांगितलं होतं. ती म्हणाली, "तुला जमणार नाही." मी म्हणालो, "बघच."

उतारावर एक नारिंगी फुलपाखरू येऊन बसलं, पंख मिटून. काका म्हणाले, "कडवा, एक. लिहा." मी वाकून पाहिलं. मागच्या पंखाच्या मधोमध काही नाही. वरच्या कडेला एकच ठिपका.

मी पेन टेकवलं. ते पुढे जाईना. ताई, तुला माझा धंदा माहीत आहे. रोगी म्हणतो दुखत नाही, पण मला कीड दिसलेली असते, आणि ती दिसल्यावर "छान आहेत हं दात" असं म्हणायला माझी जीभ वळत नाही. काका म्हणाले, "काय हो, शाई संपली?" आणि मी रोग्याशी बोलतो त्याच आवाजात म्हणालो, "काका, घाबरू नका. पण हा कडवा नाही. ही चांदव्याची मादी आहे."

बाहेरगावचे पाहुणे जवळ सरकले. काका म्हणाले, "लिहा म्हणतो ना." मी म्हणालो, "मागचा पंख बघा." ते म्हणाले, "बघतोय. ठिपके आहेत." तेव्हा चष्मेवालीनं थर्मास खाली ठेवला, पिशवीतून एक चष्मा काढला आणि म्हणाली, "बाबा, तुमचा नंबर कधीचा बदललाय. मी दुकानात बोलवून बोलवून थकले. हा घाला."

त्यांनी घातला. नेमक्या त्याच वेळी ती उडाली आणि काकांच्या बुटाशेजारी, घोळीच्या पानावर उतरली. पोट वाकवून तिनं एक अंडं ठेवलं. वरून काळा नर आला आणि तिच्याभोवती घिरट्या घालू लागला. काकांनी वाकून ते अंडं पाहिलं. मग त्यांनी पुस्तिका खिशात आणखी खोल दाबली, माझ्याकडे न बघता म्हणाले, "गणना चालू ठेवा," आणि एकटे टेकडी उतरून गेले.

मी पाठमोऱ्या काकांना बघत राहिलो आणि मला रडू आलं. त्यांचा एवढा मोठा शोध मी सगळ्यांदेखत मोडला. संध्याकाळी त्यांनी खोलीचं दार उघडलं नाही, तेव्हा ती काय बोलणार? मी तिला म्हणालो, माझ्यामुळे तुझं घर बिघडलं. ती म्हणाली, "तू कडवा लिहिलं असतंस तर मी तुझ्याशी लग्न केलं नसतं. आता फक्त बाबांचं बघायचं आहे." पण बाबांचं बघायचं कसं, ते तिलाही माहीत नाही.

ठोंब्या


२० मार्च

गाढवा,

पत्र वाचून आधी कपाळावर हात मारला. मग अंगणात जाऊन बसले आणि पहिल्यांदा वाटलं, की तुझी वही तपासण्यात मी घातलेला वेळ फुकट गेला नाही.

मुलीशी भांडू नकोस. त्या गृहस्थांची माफी मी मागते. त्यांना आज वेगळं पत्र टाकलंय, या वेळी निळ्या शाईत आणि तीन शब्दांपेक्षा लांब. तू काही करू नकोस. दवाखान्यात जा, लोकांचे दात बघ आणि तोंड बंद ठेव.

ताई


२६ मार्च

वस्तुसंग्रहालय, कीटक विभागाच्या बाईंना,

आपले पत्र पोचले. चार पाने. पूर्वी तीन शब्द लिहिणाऱ्या व्यक्तीकडून चार पाने येतात तेव्हा माणूस सावध होतो, म्हणून मी ते दोनदा वाचले. माफीची गरज नव्हती. आपण नीट शोधा म्हणाला होता. मी नीट न शोधता नुसता रागावलो, आणि त्या रागावर इतकी वर्षे टेकडी चढलो. आता गुडघे दुखतात. त्याचे खापर मी आपल्यावर फोडत नाही.

पुढे घडले ते मोजणी खात्याच्या पद्धतीने, जसेच्या तसे कळवतो.

गणनेनंतर दोन दिवस मी दात खात घरी बसलो. तिसऱ्या दिवशी खरोखरच दाढेचा टवका उडाला. गावात दंतवैद्य एकच. मी त्या गृहस्थांचे तोंड पाहणार नाही असे ठरवले होते, पण माझे तोंड त्यांना दाखवणे भाग पडले.

त्यांनी मला खुर्चीत बसवले, गालात कापूस कोंबला, तोंडात आरसा आणि आणखी काहीतरी घातले. एवढी तयारी झाल्यावर त्यांनी माझ्या मुलीला मागणी घातली. नाही म्हणायला माझी जीभ मोकळी नव्हती. मी हात हलवून निषेध नोंदवला. ते म्हणाले, "दुखतंय का?" आणि आणखी कापूस घातला. मग त्यांनी सगळे सांगितले. फुलपाखरांचे काही कळत नव्हते, आपण त्यांची बहीण, चित्रे आपली, वाळक्या पानाजवळची चिकाटीही खोटी. म्हणाले, "आता कळतंय ते खरं आहे, आणि टेकडीवर बोललो तेही खरं. बाकी तुम्ही सांगाल ते."

बाई, मी खुर्चीत तोंड उघडे टाकून पडलो होतो. वर दिव्याकडे बघण्याशिवाय काही करता येत नव्हते. तेव्हा मी विचार केला. हा माणूस दर रविवारी येत होता. मी सर्वांना सांगत होतो, बघा, एकटाच येतो, त्याला कुणाची ओढ नाही, निसर्गात रमतो. माझी मुलगी दर रविवारी थर्मास घेऊन त्याच्याशेजारी उभी असे. ती मला रोज दिसत होती. मी प्रत्येक वेळी तिला कंटाळलेली म्हणून लिहून टाकले.

कापूस निघाल्यावर मी दोन वाक्ये बोललो. पहिले, दाढ पुन्हा दुखली तर लग्न मोडेल. दुसरे, तारीख मुलीने ठरवावी, कारण माझ्या नजरेवर आता माझाच भरवसा नाही. ते गृहस्थ खुर्चीच्या पायरीवर बसून रडू लागले आणि बाहेर बसलेला रोगी ते ऐकून पळून गेला.

आपण लग्नाला याल तेव्हा एक दिवस आधी या. घोळीवरचे अंडे फुटले आहे. त्यातून निघालेली अळी मी रोज नव्या चष्म्यातून बघतो. मुलगी म्हणते, आपणही अलीकडे अंगणात रांगता. येथे रांगायला जागा भरपूर आहे, आणि कानातले पडले का असे विचारायला पहारेकरी नाही.

पुस्तिकेची नवी आवृत्ती छापणार आहे. मजकूर सगळा बदलेल. नाव तेवढे तेच ठेवावे असे जावईबापू म्हणतात, मुलगी नको म्हणते. आपले मत लाल शाईत कळवावे.

आपला,
मुलीचा बाप